खारट पानाच्या मागे कच्छच्या खाडीवर

दिवाळी तोंडावर आली की आमची लिंबायत रिकामी व्हायला लागते. मिल बंद, लूम बंद, आणि अख्खा खान्देश पिशव्या, डबे, पोरंबाळं घेऊन सुरत स्टेशनावर लोटतो. कुणी नंदुरबारला उतरणार, कुणी अमळनेरला, कुणी थेट भुसावळला. दरवर्षी मीही त्याच गर्दीत धक्के खात असतो. यंदा मात्र मी आणि माझी मुलगी मयूरी दुसऱ्याच फलाटावर कच्छच्या गाडीची वाट बघत उभे होतो. गल्लीतली माणसं जिन्यावरून ओरडत होती, "ओ मास्तर, फलाट चुकले का? आपली गाडी इकडं!" मी हात हलवून सांगितलं, "आम्ही कच्छला चाललो, झुडूप शोधायला!" त्यावर एक जण जो हसत सुटला, तो गाडीत चढेपर्यंत थांबला नाही.

मी पांडेसऱ्यात एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. व्यापारी बोटभर कापड टेबलावर टाकतो आणि म्हणतो, सगळा माल अस्साच पाहिजे. तो रंग जुळवायचा हे माझं काम. आता मशीनही रंग जुळवतं, पण शेवटी शेठ तुकडा माझ्याच हातात देतो. आपल्या नजरेला तोड नाही असं मी चारचौघांत म्हणतो. मिलमधली पोरं माझ्या पाठीमागं काय म्हणतात ते देव जाणे.

मयूरी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी करते आहे. शेवटच्या वर्षाला एक विषय घेऊन स्वतः काम करायचं असतं. वर्गातल्या सगळ्यांनी शहाण्यासारखं जवळचं काहीतरी घेतलं, कुणी हजिऱ्याकडची तिवरं, कुणी बारडोलीच्या उसावरचे रोग. आमच्या कन्येनं घेतलं खाऱ्या जमिनीतलं एक झुडूप. नाव ॲट्रिप्लेक्स. वाळवंटात, मिठागराच्या कडेला, जिथं दुसरं काही उगवत नाही तिथं हे उगवतं आणि जमिनीतलं मीठ ओढून पानावर काढून ठेवतं. आपल्या चाकवताच्याच घराण्यातलं. "चाकवताच्या पानामागं पांढरं पीठ बोटाला लागतं ना, पप्पा? तस्संच, फक्त ह्याचं पीठ खारट," असं तिनं मला समजावलं. चाकवत म्हटल्यावर मला लगेच कळलं, कारण ताकातला चाकवत मला जीव की प्राण आहे.

अडचण एकच होती. विभागातल्या कपाटात त्या झुडपाची एक जुनी, कागदावर दाबून सुकवलेली फांदी होती, पण वर्ष निम्मं सरलं तरी जिवंत झुडूप मयूरीला मिळालं नव्हतं. डुमसची बाजू पालथी घातली, दहेजकडं जाऊन आली. तिचे सर तसे भले, पण शब्दाचे कडक. त्यांनी सांगून टाकलं होतं की सुट्टीनंतर फळ धरलेली फांदी आली नाही तर विषय बदलायचा. आणि विषय बदलला की आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. पोरगी रोज रात्री जेवताना ताटात बघत बसायची. सरांकडं असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या जुन्या नोंदीवरून अबडासा तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीचा पत्ता लागला, आणि ती म्हणाली, मी जाते. एकटीला कसं पाठवणार? मी म्हटलं, मी येतो.

घरी यावरून जे व्हायचं ते झालंच. "दिवाईमा गाव सोडीसन झुडपं धुंडाले चालनात? याड लागनं का तुमले?" मयूरीच्या आईनं विचारलं. मग स्वतःच शंकरपाळ्यांचा डबा भरून दिला, आणि लक्ष्मीपूजनाला दोघं गावी नसाल तर दार उघडणार नाही, असं बजावून ती नंदुरबारच्या गाडीत बसली.

आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. निघण्याआधी मी मयूरीच्या विभागात जाऊन ती सुकलेली फांदी नीट बघून आलो होतो. छान राखाडी, चंदेरी झाक असलेली. मिलमध्ये येऊन लॅबमध्ये तोच रंग मी पॉलिएस्टरच्या तुकड्यावर काढला. एकदम जुळला. तो तुकडा खिशात घालून मी कच्छला निघालो होतो, झुडपाशी लावून बघायला. मयूरीला गाडीत दाखवला तर ती पोट धरून हसली.

"पप्पा, झाड रंगावरून ओळखत नाहीत. फळ बघतात. या झाडाचं फळ दोन चिमुकल्या पानांच्या मधे असतं, हात जोडल्यासारखं. तसं दिसलं तरच ते आपलं. आणि सुकलेल्या फांदीचा रंग कुठं खरा असतो?"

"तू फळ बघ, मी रंग बघतो," मी म्हणालो. माझं चुकत असेल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही.

भूज

भुजला उतरल्यावर पहिली गोष्ट अंगाला जाणवली ती कोरडी हवा. सुरतेत सकाळी सदरा घातला की दहा पावलांत पाठीला चिकटतो. इथं घाम येतो की नाही तेच कळत नाही, आला तरी वाळून जातो. स्टेशनाबाहेर गरम दाबेली खाल्ली. सुरतेत आपण जिला दाबेली म्हणतो ती हिची लांबची बहीण असावी. मसाल्यात गोडवा होता, पण गिळल्यावर मागून तिखट यायचं, आणि डाळिंबाचे दाणे दाताखाली फुटायचे. मी आणखी एक मागितली. मयूरी म्हणाली, बस सुटेल. मी ती कागदात गुंडाळून बसमध्ये खाल्ली.

नलियापर्यंत बस, तिथून पुढं छकडा. छकडा म्हणजे पुढून मोटरसायकल आणि मागून हातगाडी, असं काहीतरी दणदणतं वाहन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गांडो बावळ, म्हणजे ती वेडी बाभूळ, आणि मधेच पवनचक्क्यांचे पांढरे खांब. मयूरी छकड्यातून अर्धी बाहेर लोंबकळून झुडपं बघत होती. "थांबवा थांबवा!" म्हणून तिनं दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा ते दुसरंच निघालं, पण तिचा उत्साह तसूभर कमी झाला नाही. माझाही नाही, कारण दाबेली आत होती.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सरांनी तसं बजावलंय. दुर्मीळ झाड कुठं आहे हे कळलं की हौशी लोक उपटून नेतात.

खाडीकाठ

आम्ही उतरलो ते जेसंगभाई रबाऱ्यांच्या घरी. त्यांच्याकडं खाराई उंट आहेत. हे उंट पोहतात! मला आधी वाटलं छकडेवाला आमची फिरकी घेतोय. पण खरंच, भरतीच्या पाण्यात पोहत बेटावर जातात, तिथला तिवरांचा पाला खातात आणि पोहत परत येतात. आमच्या खान्देशात उंट येतो तो मेंढरांच्या कळपामागं, बिऱ्हाड पाठीवर घेऊन. त्याला पाणी दाखवलं तर तो तोंड फिरवेल.

जेसंगभाईंच्या बायकोचं नाव लाखीबेन. अंगावर काळ्या लोकरीची ओढणी आणि तिच्यावर लाल बांधणीचे ठिपके. ते काळं बघून मी जागीच थांबलो. असं काळं आमच्या मिलमध्ये कधी निघालं नाही. आमच्या काळ्यात कुठंतरी निळा नाहीतर हिरवा डोकावतोच. मी ओढणीच्या कडेकडं बघतच राहिलो, तेव्हा मयूरीनं मला कोपर मारलं. मी घाईघाईनं सांगितलं की मी रंगाच्या मिलमध्ये आहे. लाखीबेन खो खो हसल्या आणि आतून आणखी दोन ओढण्या आणून माझ्या पुढ्यात टाकल्या.

चहा आला तो उंटिणीच्या दुधाचा. जरा खारट लागला. मी एक घोट घेऊन मयूरीकडं बघितलं, ती डोळे मिटून पीत होती. "चव बघा पप्पा, झुडपातलं मीठ दुधात आलंय!" आता त्यात तिची कल्पना किती आणि खरं किती, मला माहीत नाही. पण तिचा चेहरा बघून मी दुसरा कप घेतला.

मग मी जेसंगभाईंना त्या झुडपाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, "लाणो."

मयूरीनं दुसऱ्या झुडपाचा फोटो दाखवला. "लाणो." तिसरा दाखवला. तोही लाणो.

"पण भाई, तिन्ही वेगळी आहेत," मी म्हणालो.

"ऊंट खाय ई लाणो," ते शांतपणे म्हणाले. उंट खातो तो लाणो, आणि खात नाही त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. त्यांच्या दृष्टीनं एकदम बरोबर. आपणही बाजारात पालेभाजी घेताना चाकवत आणि राजगिऱ्याच्या पलीकडं कुठं जातो?

संध्याकाळी उन्हं उतरेपर्यंत मयूरीनं मला खाडीच्या कडेनं फिरवलं आणि झुडपं ओळखायला शिकवलं. खरं सांगतो, तोवर मला ती सगळी एकाच जातीची वाटत होती. पण शिकवल्यावर डोळे उघडले. एक होतं त्याची पानं तांदळाएवढी, जाड, रसानं भरलेली. चिमटीत धरलं की फुटून बोटं ओली व्हायची. त्यातली काही लालभडक झालेली. ते मोरस. मुंबईकडं त्याची भाजी करतात म्हणे. दुसऱ्याला पानंच नव्हती, नुसत्या हिरव्या कांड्या, एकावर एक रचलेल्या. तिसरी खारी जार, म्हणजे आपलं पिलू, तिची पानं चावली की नाकात मोहरीसारखी झणझण.

"आणि आपलं?"

"आपल्याची पानं छोटी, चपटी, आणि अंगभर पीठ फासलेलं." तिनं आईच्या डब्यातला एक शंकरपाळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "आकार साधारण असा, पण नखाएवढा."

तो शंकरपाळा मी खाऊन टाकला आणि शोधायला लागलो. पण काठावर कुठं काही मिळालं नाही. रात्री बाजरीचा रोटला, त्यावर घरच्या लोण्याचा गोळा, लसणाची लाल चटणी आणि ताक. आमच्या कळण्याच्या भाकरीला हा रोटला जाडीत हरवतो, चवीत मी बरोबरी देतो. मयूरीनं अर्धाच रोटला खाल्ला. उद्याचा एकच दिवस हातात होता. परवा सकाळची बस चुकली असती तर लक्ष्मीपूजन बुडालं असतं.

बेटावर, पहाट

खाडीच्या पलीकडं एक बेट आहे. ओहोटीला पाणी ओसरलं की चिखलातून चालत जाता येतं. जेसंगभाई उजाडतानाच चारा कसा आहे ते बघायला तिकडं निघाले. काठाचा एक लांबचा पट्टा अजून बघायचा राहिला होता, आणि दोन्हीकडं जायला वेळ नव्हता.

"मी बेटावर जातो, तू काठ बघ," मी मयूरीला म्हणालो. "रंग माझ्या खिशात आहे."

ती जरा घुटमळली. "पप्पा, नुसता रंग बघू नका हं. काही वेगळं दिसलं तर फांदी आणा. एकच." मी म्हटलं, काळजी सोड.

काय सांगू तुम्हाला त्या पहाटेचं! समुद्राकडून गार वारा, आणि दव इतकं की जेसंगभाईंच्या पांढऱ्या अंगरख्याच्या चुण्यांतून पाणी ठिबकत होतं. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतायचे आणि पचक्कन निघायचे. समोर आकाशात लांब रांगेनं रोहित पक्षी गेले, पंखांच्या आत तो गुलाबी, ज्याला आमचे व्यापारी "बेबी पिंक, पण जरा जिवंत पाहिजे" म्हणतात. मी बेटावर पाय ठेवला तेव्हा मला वाटत होतं, आज मीच शोधणार, आणि पोरगी जन्मभर सांगेल की पप्पांनी शोधलं.

बेटाच्या वरच्या अंगाला बुटक्या झुडपांचा पट्टाच्या पट्टा होता. मी खिशातून तुकडा काढला. एका झुडपाला लावला. झुडूप हिरवं. पुढचं लावलं, हिरवं. चांगलं पाच-पंचवीस ठिकाणी लावून बघितलं. एकही जुळेना. एखाद-दुसरी शेड नाही, चांगल्या चार शेडचा फरक. मी मनाशी म्हटलं, हे काही आपलं नाही, उगाच फांदी तोडून त्या मुक्या झाडाला कशाला त्रास द्यायचा? आणि दयाळूपणे परत फिरलो.

परतताना पाय घसरला आणि मी खाडीत आडवा झालो. आकाशी सदरा छातीपर्यंत चिखलानं माखला. जेसंगभाईंनी मला बखोटीला धरून उभं केलं आणि पुढं चालू लागले, पण त्यांचे खांदे हलत होते, म्हणजे हसत होते.

काठ, दुपार

मयूरी परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. तिचे ओठ सुकले होते, चपलेचा एक बंद तुटला होता.

"काठावर नाही," ती म्हणाली. "बेटावर?"

"बेटावर पण नाही. सगळं हिरवं. मी नीट बघितलं."

ती तशीच वळली. लाखीबेनच्या ओसरीवर बसली, पाठपिशवीतून ती झाडं दाबायची लाकडी चौकट काढली, तिच्यातले कोरे कागद एकदा सारखे केले आणि पट्टे पुन्हा आवळून बांधायला लागली. मग एकदम म्हणाली, "ठीक आहे पप्पा. सरांना सांगते, विषय बदलायला माझी हरकत नाही. तिवरं पण चांगलीच असतात."

असं शहाण्यासारखं बोलली ना, तेच मला जड गेलं. ही पोरगी लहानपणापासून हट्टी. रडेल, भांडेल, पण हरकत नाही असं म्हणणारी नाही.  मी उठलो आणि अंगणातल्या हातपंपावर गेलो. तिथंच मी सकाळी सदरा धुऊन बाभळीवर वाळत टाकला होता. तो घेऊन अंगात घालावा म्हटलं.

सदरा एका बाजूनं वाळला होता. दुसरी बाजू फांद्यांच्या सावलीत होती, अजून ओली. अर्धा सदरा फिका आकाशी, अर्धा गडद निळा. मी बघतच राहिलो.

अरे देवा!

मिलमध्ये मी दिवसभर काय ओरडत असतो? लॅबमधलं नवं पोरगं भांड्यातून तुकडा काढतं आणि तसाच ठिबकता माझ्यापुढं धरतं, तेव्हा मी त्याच्यावर डाफरतो, "ओला तुकडा मला दाखवायचा नाही! आधी सुकव, मग रंग बघ!" माझं अख्खं आयुष्य या एका वाक्यावर गेलं. आणि आज पहाटे मी काय केलं? दवानं निथळणाऱ्या झुडपांना कोरडा तुकडा लावून बसलो! पानावरचं ते पीठ, ते मीठ, दवात भिजून विरलं असणार, आणि खालचं हिरवं पान उघडं पडलं असणार.

मी खाडीकडं बघितलं. पाणी वर चढलं होतं, आणि त्याच्या पलीकडं बेटाचा वरचा पट्टा, जो मी माझ्या डोळ्यांनी हिरवा बघितला होता, तो उन्हात पांढुरका चमकत होता.

"मयूरी!" मी असा ओरडलो की आतून लाखीबेन पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "मयूरी, उठ! मी गाढव आहे! ते ओलं होतं!"

तिला आधी काहीच कळेना. मी सदऱ्याच्या दोन्ही बाजू तिच्या नाकासमोर नाचवल्या, मग बेटाकडं बोट दाखवलं. तिनं डोळ्यांवर हात धरून पलीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग चौकट पिशवीत कोंबून ती अशी पळत सुटली, की तुटक्या चपला ओसरीवरच राहिल्या.

काठावर येऊन बघतो तर पाणी छातीभर, आणि अजून वाढतंय. आता उतरेल ते संध्याकाळी, अंधारात. मला पोहता येत नाही. मयूरीला येतं, पण पोहत जाऊन कोरडी फांदी कशी आणणार? तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात जेसंगभाई उंट हाकत आले. दुपारच्या भरतीला ते कळप पलीकडं सोडतात. त्यांनी आमची अवस्था बघितली, एका म्हाताऱ्या उंटिणीला बसवलं आणि आम्हाला म्हणाले, "बेसी जाव."

बसलो. मयूरी पुढं, मी मागं, तिच्या पिशवीला घट्ट धरून. उंटीण उठली तेव्हा मी आधी पुढं, मग मागं, मग पुन्हा पुढं गेलो आणि कुलदेवीचं नाव घेतलं. जेसंगभाई दोरी धरून पाण्यात. पाणी उंटिणीच्या पोटाला लागलं, मग आमच्या पायांना, मग गुडघ्यांना. मधे एके ठिकाणी तिचे पाय बहुतेक तळाचे सुटले. एकदम हलकं हलकं, झोपाळ्यासारखं वाटलं, आणि सगळीकडं नुसती उंटांची डोकी पाण्यावर, मान उंचावून चाललेली. भीती वाटत होती, आणि तरीही मी हसत होतो. मयूरी पण हसत होती. "पप्पा, आपण पोहतोय!" ती ओरडली. मिलमध्ये हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाही नाही.

बेटावर उतरल्या उतरल्या ती त्या पट्ट्याकडं धावली. मी धापा टाकत पोहोचलो तेव्हा ती एका झुडपाशी गुडघ्यावर बसली होती. पान नखाएवढं. शंकरपाळ्याचा आकार. अंगभर पीठ, बोट लावलं की बोटाला चंदेरी भुकटी. तिनं एक पान तोडून चावलं, दुसरं माझ्या तोंडात घातलं. खारट! असं खारट की जिभेवर मिठाचा खडा ठेवल्यासारखं.

"हेच ना?" मी विचारलं.

"फळ पाहिजे," ती म्हणाली.  "फळाशिवाय नाही म्हणता येत."

ती एकेक फांदी उलटून बघायला लागली. शेंड्यांवर बारीक बारीक फुलांचे गोळे होते, पण ती नरफुलं, ती म्हणाली, ती नकोत. पुढचं झुडूप. तसंच. आणि तेवढ्यात आमच्या पाठोपाठ उंट आले. त्यांना कोण सांगणार की हे एमएस्सीचं झुडूप आहे? एका तरण्या उंटानं मान वाकवली आणि मयूरीच्या समोरचीच फांदी मटकावली. "ए! ए! हट!" मी डोक्याला गुंडाळलेला रुमाल काढून त्याच्यावर धावलो. उंटानं चघळत चघळत माझ्याकडं खालून वर बघितलं, अगदी आमचे शेठ बघतात तसं, आणि दुसरी फांदी तोडली. "जेसंगभाई, याला आवरा!"

"लाणो छे, खाशे ज ने," ते लांबून म्हणाले. लाणो आहे, खाणारच की. तरी बिचारे आले आणि कळप खालच्या अंगाला वळवला.

"पप्पा."

तिनं इतक्या हळू हाक मारली की मला वाटलं साप निघाला. ती जवळजवळ पालथी झोपून झुडपाच्या बुंध्याशी बघत होती, जिथं उंटाचं तोंड पोहोचत नाही. एक आडवी फांदी तिनं बोटावर तोलून धरली होती. तिच्यावर पानांच्या बेचक्यांत बारीक, त्रिकोणी पानांच्या जोड्या, एकमेकींवर घट्ट मिटलेल्या. तिनं नखानं एक जोडी उघडली. आत काळसर, चकचकीत बी.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिला रडूच फुटलं. मीही रडलो. लपवायचं काय त्यात? दोन माणसं खाऱ्या चिखलात बसून एका मोहरीएवढ्या बीकडं बघून रडत होती, आणि जेसंगभाई काही वाईट बातमी आली की काय म्हणून लगबगीनं येत होते.

तिनं एकच फांदी कापली, कागदात ठेवली, चौकटीचे पट्टे आवळले. उंचवट्यावर गेल्यावर फोनला एक रेघ मिळाली. तिनं सरांना फोटो पाठवले, ते जायलाच बराच वेळ लागला. मग फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. सर गुजरातीत बोलले, मी मराठीत सांगतो.

"फळ?" त्यांनी नमस्काराआधीच विचारलं.

"आहे सर. दोन पानांच्या मधे. बी पिकलेलं आहे."

"पान चाखलं?"

"खारट आहे सर."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सर बोलले, पण तो त्यांचा वर्गातला आवाज नव्हता.

"बेटा, मी हे झाड तीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "जिवंत कधी बघितलेलं नाही. मला एकदा घेऊन जाशील?"

मयूरीनं डोळे पुसले, समोरच्या चंदेरी पट्ट्याकडं बघितलं, आणि अगदी मास्तरीण असल्यासारखी म्हणाली, "जरूर या, सर. पण दव सुकल्यावर या. सकाळी आलात तर तुम्हालासुद्धा दिसणार नाही."